इंग्रजीच्या लेक्चरला बंक मारताय? जरा थांबा!

एफवायच्या टाइमटेबलमध्ये 'एईसी'समोर इंग्रजी दिसलं की आपला हिशेब ठरलेला असतो. दोन क्रेडिटचा पेपर, पास झालो की सुटलो! त्या तासाला कॅन्टीन भरतं आणि परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्सवाल्याकडून नोट्स येतात. पण बारावीपर्यंत मराठी माध्यमात मस्त मार्क मिळवलेली मुलं इकॉनॉमिक्सचं, सायकॉलॉजीचं जाडं पुस्तक उघडतात आणि पहिल्याच पानावर अडकतात. वर्गात प्रश्न डोक्यात तयार असतो, पण इंग्रजीत विचारायचा कसा म्हणून हात वर जात नाही. हळूहळू वाटायला लागतं, 'हा विषयच आपल्याला झेपणार नाही.' काहीजण तर विषयच बदलून टाकतात. तुमचंही असंच काही चाललंय? मग हे वाचाच.

बोलायचं वेगळं, अभ्यासाचं वेगळं

भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये एक महत्त्वाचा फरक मांडला. रोजच्या गप्पांची भाषा वेगळी आणि अभ्यासाची भाषा वेगळी. कॅनडात बाहेरून आलेल्या मुलांना रोजचं इंग्रजी साधारण दोन वर्षांत जमायचं. अभ्यासाच्या इंग्रजीत वर्गातल्या इतरांच्या बरोबरीला यायला मात्र पाच ते सात वर्षं लागायची.

आता '३० दिवसांत फाडफाड इंग्रजी'चे बोर्ड आठवा. अशा क्लासने बोलायची भीड चेपेल, तेही हवंच. पण पेपरात 'क्रिटिकली इव्हॅल्युएट' असं आलं की पाठ केलेली व्याख्या चालत नाही. दोन्ही बाजू, त्यांचे पुरावे आणि शेवटी तुमचं मत, एवढं सगळं मांडावं लागतं. हे शिकायची जागा म्हणजे कॉलेजातला वाचन-लेखनाचा कोर्स. आणि फाडफाड बोलणाऱ्या कॉन्व्हेंटवाल्यांनाही ते आपोआप येत नाही बरं का!

चुकांनाही लॉजिक असतं

१९७० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने 'ओपन ॲडमिशन' सुरू केलं. शहरातल्या हायस्कूलमधून पास झालेल्यांना प्रवेशाची दारं उघडली. आलेल्यांपैकी अनेकांच्या घरी इंग्रजी बोललंच जात नव्हतं. 'यांना शिकवून काय उपयोग?' असा सूर निघाला. तिथल्या सिटी कॉलेजात लेखन शिकवणाऱ्या मिना शॉनेसी यांनी मात्र विद्यार्थ्यांचे सुमारे ४,००० निबंध बारकाईने वाचले. १९७७ मध्ये त्यांचं 'एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स' हे पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. या चुका अंदाधुंद नाहीत, प्रत्येकीमागे काहीतरी कारण आहे. ही मुलं मठ्ठ नाहीत, नवशिकी आहेत.

आपल्या चुका बघा ना. 'माझं डोकं दुखतंय'चं 'माय हेड इज पेनिंग' होतं. 'त्याच्याशी लग्न केलं'मधल्या 'शी'मुळे 'मॅरीड विथ हिम' येतं. 'विषयावर चर्चा'मुळे 'डिस्कस अबाऊट' येतं. मराठीत 'अ', 'ॲन', 'द' नाहीत, म्हणून ते गळतात. म्हणजे डोकं नीट चालतंय, फक्त मराठीच्या नियमाने! कारण कळलं की चूक पकडता येते. वहीच्या मागच्या पानावर स्वतःच्या चुकांची यादी ठेवा. त्याच चार-पाच चुका पुन्हा पुन्हा होत असल्याचं बहुतेकांच्या लक्षात येईल.

मग करायचं काय?

* आधी वाचन. 'एसक्यूथ्रीआर' ही फ्रान्सिस रॉबिन्सन यांची १९४६ मधली पद्धत आजही शिकवतात. आधी धड्यावर नजर फिरवा, स्वतःला प्रश्न विचारा, मग वाचा, पुस्तक मिटून आपल्या शब्दांत सांगा आणि शेवटी उजळणी करा. पहिल्या ओळीपासून डिक्शनरी घेऊन बसलात तर दुसऱ्या पानापर्यंत पोचणारच नाही.

* शब्द निवडून शिका. न्यूझीलंडच्या एव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये 'अकॅडमिक वर्ड लिस्ट' काढली. त्यात ५७० शब्दकुटुंबं आहेत आणि अभ्यासाच्या मजकुरातले साधारण १० टक्के शब्द त्यातच येतात. रोज पाच घेतलीत तर चार महिन्यांत यादी संपते.

* कच्चा आराखडा मराठीत चालेल. मुद्दे आधी मराठीत सुचू द्या, मग इंग्रजीत लिहा. विचार आणि व्याकरण एकदम सांभाळायला गेलं की दोन्ही निसटतात.

* उतारा आपल्या शब्दांत लिहा. वाचा, पुस्तक मिटा, लिहा, मग ताडून बघा. आणि मुद्दा कुणाचा ते सांगा. नुसते दोन-तीन शब्द बदलले तर ती कॉपीच.

* ड्राफ्ट मॅडम-सरांना दाखवा. ते म्हणतील ते दुरुस्त करून पुन्हा लिहा. वर्गात शंभरावर मुलं असतील तर प्रत्येकाची वही तपासणं त्यांनाही अवघडच. अशा वेळी चार-पाच जणांचा ग्रुप करा आणि एकमेकांचं लिखाण वाचा.

राहिला प्रश्न चॅटजीपीटीचा. असाइनमेंट तो दोन मिनिटांत लिहून देईल हो, पण व्हायवाला बाजूला येऊन बसणार नाही. पुढे एमएला, एमपीएससीच्या इंग्रजीच्या पेपरला किंवा परदेशातल्या मास्टर्सला गेलात, तरी लिहायचं तुम्हालाच आहे. तेव्हा फी भरलेलीच आहे, तास टाइमटेबलमध्ये आहेच. पुढच्या लेक्चरला कॅन्टीनऐवजी वर्गात बसा आणि पहिली शंका बिनधास्त विचारा. इंग्रजी अडलं तर मराठीत विचारा, पण विचारा!