फॉर्म भरण्याआधी घरातले कागद काढा

दहावी-बारावीचे निकाल लागले की गेवराईत घराघरांत ठरलेली चर्चा सुरू होते. मुलगा पुण्याला कंपनीत जाईल, नाहीतर मामाच्या गॅरेजवर बसेल. मुलीला पुढे शिकवायचे की स्थळ पाहायचे? पोलीस भरती आणि तलाठी भरती सगळ्यांना ठाऊक असते. केंद्र सरकारच्या नोकरीचे नाव मात्र फारसे कोणी काढत नाही. काढलेच, तर ‘तिथे आपल्याला कोण घेतंय?’ एवढ्यावर विषय संपतो.

न्या. राजिंदर सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. देशाच्या लोकसंख्येत मुसलमान १३.४ टक्के आणि रेल्वेच्या नोकऱ्यांत ४.५ टक्के, हे आकडे आपण जलशांमधून पुष्कळदा ऐकले आहेत. त्याच अहवालातली दुसरी नोंद कमी सांगितली जाते. नागरी सेवा परीक्षेला बसलेल्या मुस्लिम उमेदवारांचे यश इतरांच्या जवळपास होते. बसणारेच थोडे होते. भेदभाव कुठेच होत नाही, असे मी म्हणत नाही. पण जो फॉर्म आपण भरलाच नाही, त्याचा दोष कोणाला देणार?

शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या शेलगावचे, रिक्षाचालकाचे चिरंजीव अन्सार शेख २१ व्या वर्षी यूपीएससी उत्तीर्ण झाले. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण आपल्या समारंभांतून मुलांना दोनच टोके दिसतात: एकीकडे कलेक्टर, दुसरीकडे गॅरेज. मधल्या पायऱ्या कोणी दाखवत नाही. दहावी पास मुलासाठी कर्मचारी निवड आयोगाची (एसएससी) एमटीएस परीक्षा आहे, निमलष्करी दलांची जीडी कॉन्स्टेबल भरती आहे, रेल्वेची लेव्हल-१ भरती आहे. बारावीनंतर सीएचएसएल आणि पदवीनंतर सीजीएल. टपाल खात्याच्या ग्रामीण डाक सेवक भरतीला तर परीक्षाच नसते, दहावीच्या गुणांवर यादी लागते. ही नियमित केंद्रीय नोकरी नव्हे, चार-पाच तासांचे काम आणि त्या मानाने मानधन. पण पुढे खात्यांतर्गत परीक्षा देऊन पोस्टमन होता येते. वयोमर्यादा ४० असल्याने घरी बसलेल्या सुनांनीही हा विचार करावा. महाराष्ट्रात त्यासाठी दहावीपर्यंत मराठी शिकलेली असावी लागते. आपल्या उर्दू शाळांत मराठी असतेच.

आता मूळ अडचणीकडे येऊ. आपली मुले परीक्षेच्याही आधी अडकतात, ती नावात.

मराठवाड्यात आपल्या नावांची पद्धत वेगळी आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये ‘शेख सलमान शेख रहीम’, आधारवर ‘सलमान रहीम शेख’, बँकेच्या पासबुकावर ‘शेख सलमान’. इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेख तीन प्रकारे, रहीम दोन प्रकारे. जन्मतारीख दाखल्यावर एक, आधारवर दुसरी. घरात यामुळे काही बिघडत नाही. एसएससीच्या एकवेळ नोंदणीत मात्र नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच लिहायची असते, आणि वर्ष-दीड वर्षाने कागदपत्र तपासणीला बसलेला अधिकारी अक्षर न् अक्षर जुळवतो. म्हणून दहावीचे प्रमाणपत्र हाच पाया धरावा आणि आधार, पॅन, पासबुक त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यावे. चूक दहावीच्या प्रमाणपत्रातच असेल, तर शाळेमार्फत मंडळाकडे अर्ज करावा लागतो. त्याला वेळ लागतो, म्हणून भरतीची वाट पाहू नये. उत्तम वेळ नववीची. बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी शाळा नावे तपासायला देते, तेव्हा ‘गुरुजींनी लिहिलंय ते बरोबरच असेल’ म्हणून सही करू नका. शिक्षिका म्हणून सांगते, रजिस्टर लिहिणारी माणसंच असतात. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी राजपत्राची प्रत जपून ठेवावी.

दुसरा कागद प्रवर्गाचा. जालन्याच्या शब्बीर अन्सारी यांनी उभी केलेली मुस्लिम ओबीसी चळवळ जुन्या वाचकांना आठवत असेल. बागवान, तांबोळी, मोमीन, पिंजारी अशा बिरादऱ्यांना राज्यात ओबीसीचा लाभ मिळतो. पण राज्याची यादी वेगळी, केंद्राची वेगळी. आपली जात केंद्राच्या यादीत महाराष्ट्राच्या नावाखाली आहे का, हे राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर पाहावे. असेल तर नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात मागावे. राज्याच्या नमुन्यातले प्रमाणपत्र दाखवून उमेदवार ओबीसीतून बाहेर पडतो. ओबीसीला वयात तीन वर्षांची सूट मिळते.

ज्यांची जात कोणत्याच यादीत नाही, त्या शेख, सय्यद, पठाण घरांसाठी २०१९ पासून आर्थिक दुर्बल घटकांचे (ईडब्ल्यूएस) १० टक्के आरक्षण आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि शेती पाच एकरांपेक्षा कमी असावी, घर-प्लॉटच्याही मर्यादा आहेत. यात वयाची सूट नाही. राज्यात २०१४ साली जाहीर झालेल्या पाच टक्क्यांची चर्चा आपल्या चौकात अजून चालते. केंद्राच्या भरतीशी तिचा संबंधच नव्हता. हे दहा टक्के मात्र हातातले आहेत, आणि किती घरांत हा दाखला काढलेला आहे? प्रमाणपत्र आर्थिक वर्षापुरते असते, म्हणून जाहिरातीत कोणत्या वर्षाचे मागितले आहे ते वाचूनच तहसीलला जावे.

फॉर्म स्वतः भरावा. सेवा केंद्रावर भरला, तरी मोबाइल नंबर आणि ईमेल आपलाच द्यावा. केंद्रवाल्याचा नंबर दिला की ओटीपी, हॉलतिकीट, सगळे त्याच्याकडे जाते. लाइव्ह फोटो काढताना टोपी आणि चष्मा काढून, उजेडाकडे तोंड करून बसावे. एसएससीचे शुल्क १०० रुपये, मुलींना तेही माफ. रेल्वेत अल्पसंख्याक उमेदवाराला २५० रुपये भरावे लागतात आणि पहिल्या परीक्षेला बसल्यावर बँकेचा खर्च वजा करून ते परत मिळतात; कागदपत्र तपासणीला तसे घोषणापत्र द्यावे लागते. रेल्वेत एका भरतीसाठी एकाच मंडळाकडे अर्ज करता येतो. दोन ठिकाणी केला की दोन्ही बाद. १७ सप्टेंबर २०२५ ला अहिल्यानगरहून बीडला गाडी सुरू झाली तेव्हा गेवराईहूनही लोक ती बघायला गेले. त्या गाडीवर आपली मुलेही कामाला दिसावीत, म्हणून हा खटाटोप.

जाहिराती ‘एम्प्लॉयमेंट न्यूज’ साप्ताहिकात येतात, ते उर्दूतही निघते. संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे का ते पाहावे. साहेबांशी ओळख आहे म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. त्याच्याकडे नोकरी नसते, आणि ती रक्कम हलालही नसते.

भाषेचा प्रश्न बरेच पालक विचारतात. एमटीएस, जीडी आणि रेल्वेच्या परीक्षांत मराठी व उर्दू दोन्ही भाषा मिळतात. जीडीला २०२४ पासून. निवड फॉर्ममध्येच करायची असते. उर्दू शाळेत गणित शिकून पुढे मराठी कॉलेजात गेलेल्या मुलाने दोन्ही भाषांतले सरावाचे पेपर सोडवून पाहावेत आणि ज्या भाषेत प्रश्न एकदाच वाचून कळतो ती निवडावी. एमटीएसमध्ये मात्र आतापर्यंत गणित-बुद्धिमत्तेचे सत्र केवळ पात्रतेपुरते धरले गेले आणि गुणवत्ता यादी सामान्य ज्ञान व इंग्रजीवर लागली. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात, तेही याच सत्रात. त्यामुळे रोज फजरनंतरचा अर्धा तास तरी इंग्रजीला द्यायला हवा, आणि तो अकरावीपासून.