फेऱ्यांचा रकाना

पहाटे ५

चहा ठेवायच्या आधी मुलाचे पाय हातात घेते. रात्रभरात ताठरलेले गुडघे एकदम सरळ होत नाहीत, दमानं घ्यावं लागतं. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, वय सतरा. मग नाचणीचं सत्त्व, घट्टच, कारण पातळ दिलं की ठसका लागतो. एका हातानं हनुवटी धरायची, चमचा जिभेच्या मध्यावर टेकवायचा आणि तो गिळेपर्यंत थांबायचं. वाटी संपायला पाऊण तास जातो. दिवसभर सासूबाई त्याच्याजवळ बसतात, म्हणून मला उंबरा ओलांडता येतो.

सकाळी ७

फोन सुरू होतात. तालुक्याच्या गावी एका छोट्या संस्थेत मी दिव्यांगांची कागदपत्रं करून देते. "ताई, आज बोर्ड आहे ना? काय काय आणू?" आधार, फोटो, रेशनकार्ड, जुने रिपोर्ट, ऑनलाइन अर्जाची पावती, असं एकेक सांगते. शेवटी एक प्रश्न न चुकता विचारते: आधारवरचं नाव आणि बाकीच्या कागदांवरचं नाव अगदी एकच आहे का? एका अक्षराच्या फरकानं माणूस दारातून परत जातो.

हेलपाटा म्हणजे काय, ते रोजंदारीवरच्या घराला विचारावं. आई निघाली की तिचा खाडा. मुलाला उचलायला बाप लागला की त्याचाही खाडा. वर वडापचं भाडं. योजनेचा पैसा पुष्कळदा तो मिळवायच्या फेऱ्यांतच सरतो.

सकाळी ९.३०

रुग्णालयाच्या व्हरांड्यात दिव्यांगत्व तपासणाऱ्या बोर्डासाठी रांग लागली आहे. एसटीत दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत असते, पण ज्या कार्डावर ती मिळते ते काढायला येताना बहुतेकांनी पूर्ण तिकीट काढलेलं असतं.

बाकावर एक बाई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन बसली आहे. मुलाला थॅलेसेमिया आहे, ठरावीक दिवसांनी रक्त चढवावं लागतं. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, माझं पोरगं चालतंय, बोलतंय. त्याला अपंग कोण म्हणणार? मला इथं बसायचीच लाज वाटतीय." मी तिचा हात धरला. २०१६च्या कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले. त्यात थॅलेसेमिया आहे, सिकलसेल आहे, स्वमग्नता आहे, अ‍ॅसिड हल्ल्यातली इजाही आहे. तपासणीत ४० टक्के किंवा त्याहून जास्त ठरलं की बहुतेक योजनांचं दार उघडतं. इथून पुढं मिळेल ते युनिक कार्ड, म्हणजे यूडीआयडी, देशभर चालतं. "लाज कसली? कायद्यात लिहिलेलं तुमच्या मुलाचं आहे, ते न्यायला आलाय तुम्ही," असं तिला म्हणाले. तिनं पदर सारखा केला आणि रांगेत ताठ उभी राहिली.

दुपारी १२

तहसील. इथं सगळे एकच शब्द बोलतात, 'पगार'. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे म्हणजे पगार. दिव्यांगांना तो महिन्याला १,५०० होता, आता २,५०० झाला आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत हवं. पूर्वी वाढीव रकमेसाठी भांडावं लागायचं. आता जास्त वेळ जातो तो पैसे का अडकले हे शोधण्यात. कुणाचा हयातीचा दाखला राहिलेला असतो, तर कुणाचं आधार खात्याला जोडलेलं नसतं. आज एका अंध काकांचे चार महिने अडकलेले निघाले. पैसे मंजूर होते, सुटतही होते, पण आधार दुसऱ्याच एका जुन्या खात्याला जोडलेलं होतं आणि तिथं ते साचत होते. काकांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. ते दर महिन्याला काठी टेकत बँकेत येत आणि "आले नाहीत" एवढं ऐकून परत जात.

दुपारी ३

आधार केंद्र. पंधरा वर्षांची मुलगी, माझ्या मुलासारखीच. या वयात बोटांचे ठसे नव्यानं द्यावे लागतात. तिच्या दोन्ही मुठी घट्ट वळलेल्या आहेत, अंगठा आत दाबलेला. मागच्या वेळी दुसऱ्या एका केंद्रावर बोटं ओढून उघडायला गेले, पोर किंचाळली आणि बाप तिला उचलून तसाच घरी घेऊन गेला. ती त्यांची तिसरी फेरी होती.

माझ्या पिशवीत थर्मास आणि दोन नॅपकिन कायम असतात. गरम पाण्यात नॅपकिन पिळून तिच्या मनगटाभोवती गुंडाळला. मनगट हळूच आतल्या बाजूला वाकवलं की मूठ थोडी सैल होते, हे मला मुलाच्या थेरपीत शिकवलेलं. पाच मिनिटं काही बोललो नाही. बाप तिला मांडीवर घेऊन डोलवत होता. मग करंगळी सुटली, तिच्यामागून अनामिका. यंत्र चालवणारा पोरगाही खुर्चीवरून उठून खाली बसला, यंत्र त्यानं तिच्या हाताखाली आणलं. आठ बोटं उमटली. दोन्ही अंगठे काही केल्या उमटले नाहीत. तेव्हा मी त्याला अपवादाची नोंद करायला सांगितली. जी बोटं देता येत नाहीत त्यांची तशी सोय आधारमध्ये आहेच. पोरगा म्हणाला, "मावशी, हे आधीच कुणी सांगितलं असतं तर!" बापानं पावतीची घडी घालून खिशात ठेवली, वरून हात दाबून पुन्हा खात्री केली.

संध्याकाळी ५

कार्यालयात टेबलाची कामं. निरामय योजनेची बिलं लावायची. नॅशनल ट्रस्टच्या या विम्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण मिळतं, थेरपीचा खर्चही त्यात बसतो. मग दोन ग्रामपंचायतींना पत्रं. स्वउत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च व्हायला हवा, हे वर्षअखेरीच्या आधी आठवण करून दिलं तरच लक्षात राहतं.

रात्री ८.३०

मुलाला भरवून, कूस बदलून झाली. आता घरची फाइल. दोन महिन्यांनी तो अठराचा होईल. कायद्यानं त्या दिवसापासून तो सज्ञान. त्याच्या वतीनं माझी सही चालायला हवी असेल तर १९९९च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून पालकत्वाचा आदेश घ्यावा लागतो. अठरा वर्षं रात्रंदिवस आई असलेल्या बाईला हा कागद काढावा लागतो. पण तो हवाच, कारण आमच्यासारख्या प्रत्येक घरात रात्री दिवा मालवल्यावर एकच प्रश्न उरतो: आपल्यामागे याचं कोण बघणार? त्या प्रश्नाचं सरकारदरबारी चालणारं उत्तर या कागदापासून सुरू होतं.

रात्री १०

झोपण्याआधी वही. सगळ्या अहवालांत लाभार्थी किती आणि रक्कम किती, हे असतं. माझ्या वहीत आणखी एक रकाना आहे: फेऱ्या. माझ्या मुलाच्या पहिल्या प्रमाणपत्राला सहा लागल्या होत्या, कडेवर घेऊन. तेव्हापासून हा रकाना ठेवते. हाच रकाना प्रत्येक कार्यालयानं ठेवावा असं मला मनापासून वाटतं. माणूस किती वेळा परत गेला ते लिहावं लागलं, तर पहिल्याच वेळी त्याला नीट सांगितलं जाईल.

आजची नोंद: थॅलेसेमियाचा मुलगा, एक. काका, पाच. पंधरा वर्षांची मुलगी, चार, आधार पूर्ण. त्याखाली मुलाचं नाव लिहिलं, पुढं 'पालकत्व'. फेऱ्यांचा रकाना कोरा ठेवला. सोमवारी तिथं 'एक' लिहीन.