ओले फडके

काही वर्षांपूर्वी एका शाळेत हात धुण्याचा पाठ पाहण्याची संधी आम्हाला मिळाली. पाठ खरोखर चांगला झाला. साबणाचा फेस बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडेला, अंगठ्याच्या मागे नेण्याचा मुलांनी जणू खेळच केला होता. वीस आकडे मोजून झाले की नळाखाली हात. आणि मग प्रत्येक मूल नळाशेजारी खिळ्याला टांगलेल्या नॅपकिनला हात पुसून जेवायला पळत होते. नॅपकिन एक, मुले चाळीस. दहा-बारा मुलांनंतर तो पुरता भिजला. शेवटच्या मुलांच्या हातांवरचे पाणी तो टिपून घेत नव्हताच. उलट आधीच्यांच्या हातांचे पाणी त्यांना देत होता. नंतर सहज चौकशी केली तेव्हा कळले की हा नॅपकिन सोमवारी येतो आणि शनिवारी धुवायला जातो.

यात त्या शाळेला नावे ठेवण्यासारखे काही नाही. आम्ही घरी परतलो आणि आमच्या ओट्यावर पाहिले, तर तिथेही तेच होते. हात धुण्यावर पाठ असतो, तक्ते असतात, घोषणा असतात. हात कशाला पुसायचे यावर मात्र 'स्वच्छ कापडाला' एवढे दोन शब्द असतात, आणि स्वच्छ कापड म्हणजे काय हे कोणी विचारत नाही.

घरातल्या एका फडक्याचा दिवस आठवून पाहा. सकाळी उतू गेलेले दूध त्याने पुसले जाते. मग डब्याच्या पोळ्यांसाठी पोळपाट पुसला जातो. भाजी चिरल्यावर विळीखालची ओल टिपली जाते, गरम पातेले उतरवताना तेच दुमडून हातात धरले जाते, घरात कोणी अंडी-मासळी करणारे असेल तर ओट्याचा तो कोपराही त्यानेच पुसतात. मधूनमधून हात आहेतच. जेवणाच्या वेळी ताटे-वाट्या कोरड्या करायला पुन्हा तेच. रात्री ओटा धुऊन झाला की ते पिळून, गोळा करून सिंकच्या कडेला ठेवले जाते. पूर्वी जुन्या धोतराची किंवा लुगड्याची फाडलेली निरनिराळी फडकी घरात असत. भांडी उतरवायचे मसोते वेगळे आणि जमिनीचे पोतेरे वेगळे. या दोघांची अदलाबदल झाली तर आजी रागावत. जुन्या स्वयंपाकघरात आणखी एक सोय नकळत होती. चुलीच्या आसपासची हवा कोरडी आणि गरम असे, आणि तिथल्या दांडीवर टाकलेले फडके सकाळपर्यंत खडखडीत वाळत असे. गॅस आला, ओटा आला, सिंक आले. धूर गेला हे फार चांगले झाले. पण त्याबरोबर फडके वाळण्याची जागाही गेली आणि नवी जागा कोणी नेमून दिली नाही.

(सोवळ्याचा उल्लेख इथे कोणी करील. त्यात वस्तू वेगळ्या ठेवण्याची शिस्त होती हे खरे. पण ती कोणी शिवले यावर बेतलेली होती, काय चिकटले यावर नव्हे. सोवळ्यातले ओलसर कापड आणि ओवळ्यातले ओलसर कापड यांत जीवाणूंना काही फरक वाटत नाही.)

आता कापडाकडे थोडे जवळून पाहू. कापसाचा तंतू साधारण 12 ते 20 मायक्रोमीटर जाड असतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो पिळलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो. आठवी-नववीच्या मुलांना शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून तो सहज दाखवता येतो, अवश्य दाखवा. अशा शेकडो तंतूंचा धागा बनतो, आणि त्यांच्या मधल्या बारीक फटींतून केशाकर्षणाने पाणी वर चढते. म्हणून तर फडके ओल टिपते. बहुतेक जीवाणूंची लांबी एक-दोन मायक्रोमीटर इतकीच. म्हणजे धाग्यातली फट ही त्यांच्या दृष्टीने चांगली ऐसपैस बोळ झाली. पाण्याबरोबर दुधातली साखर, कणकेचा स्टार्च, डाळीतली प्रथिने, तेलाचा अंशही या बोळांत शिरतो. खाणे आले, पाणी आले, निवाऱ्याची सोय झाली. उरली ऊब, ती आपल्या हवामानात बाराही महिने असते.

मटकीला मोड कसे आणतो? भिजवायची, उपसायची, ओल्या फडक्यात घट्ट बांधायची आणि उबेला ठेवून द्यायची. रात्री सिंकच्या कडेला ठेवलेला फडक्याचा गोळा ही मटकी नसलेली मोडाची पुरचुंडीच असते. आत मोड येतात ते डोळ्यांना दिसत नाहीत, इतकेच. (मोडांच्या पुरचुंडीतही मटकीबरोबर जीवाणू वाढतातच. आपण उसळ शिजवून खातो म्हणून निभावते.)

हे मोड किती वेगाने येतात? ई. कोलाय हा आतड्यात राहणारा जीवाणू सर्व परिस्थिती मनासारखी असेल तर सुमारे वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. रात्री दहाला ठेवलेले फडके सकाळी सहाला उचलले तर मध्ये आठ तास, म्हणजे चोवीस वेळा दुप्पट. फळ्यावर मुलांकडून हे गणित करून घ्या. एकापासून सुरुवात केली तर उत्तर येते 1,67,77,216. प्रत्यक्षात फडक्यावर इतका वेग नसतो. खाणे अपुरे पडते, तापमान कमी-जास्त होते, जीवाणू एकमेकांना अडवतात. तेव्हा हा आकडा भीती दाखवायला वापरू नये. पण वेळ मिळाला की थोड्याचे पुष्कळ होते, हे समजायला तो पुरेसा आहे.

या चारांपैकी कोणती गोष्ट आपल्याला काढून घेता येईल? ऊब काढता येत नाही. खाणे धुण्याने कमी होते, संपत नाही. राहिले पाणी. जीवाणूला वाढायला नुसती ओलसर हवा पुरत नाही, त्याला मोकळे पाणी लागते. भाजलेले पोहे, पापड, सांडगे वर्षभर टिकतात ते याचमुळे. वाळलेल्या फडक्यातले सगळे जीवाणू मरतात असे नव्हे. काही मरतात, काही निपचित पडून राहतात. पण त्यांची संख्या वाढणे थांबते, आणि कोरड्या कापडावरून ते दुसरीकडे चिकटतातही कमी. म्हणून 'फडके धुतले का?' याइतकाच, आमच्या मते त्याहूनही थोडा अधिक महत्त्वाचा प्रश्न 'फडके वाळले का?' हा आहे.

पावसाळ्यात धुतलेल्या कपड्यांनाही कुबट वास येतो, तो याच ओलीचा. जपानमधील संशोधकांनी 2012 साली या वासाचा माग काढला. ओल्या कापडावर वाढणारा मोराक्झेला ऑस्लोएन्सिस नावाचा जीवाणू एक विशिष्ट आम्ल तयार करतो, आणि वास मुख्यतः त्याचा असतो. हा जीवाणू बऱ्यापैकी कोरडेपणाही सोसतो. म्हणूनच एकदा वास धरलेले फडके नुसते पाण्यातून काढून वाळवले तर वास जातो आणि भिजले की परत येतो. गृहिणींचे नाक या बाबतीत उत्तम उपकरण आहे. मात्र वास नाही म्हणून फडके स्वच्छ, हा उलटा निष्कर्ष काढू नये.

फडक्यांची मोजणीही झाली आहे. मॉरिशसच्या विद्यापीठातील संशोधकांनी महिनाभर वापरलेली स्वयंपाकघरातली 100 फडकी तपासली आणि निष्कर्ष 2018 साली मांडले. (मॉरिशसमध्ये मराठी बोलणाऱ्यांची जुनी वस्ती आहे, आणि तिथली दमट हवा कोकणातल्या माणसाला परकी वाटणार नाही.) शंभरांपैकी 49 फडक्यांवर जीवाणूंची वाढ मिळाली. त्यातल्या 18 वर कोलिफॉर्म गटातले, 18 वर एन्टेरोकॉकस आणि 7 वर स्टॅफिलोकॉकस ऑरियस होते. एकाच फडक्याने सगळी कामे होत त्यावर संख्या जास्त, नेमून दिलेल्या कामाच्या फडक्यावर कमी. दमट फडक्यावर जास्त, कोरड्यावर कमी. त्याआधी 2014 साली अमेरिका व कॅनडातल्या 82 स्वयंपाकघरी टॉवेलांची तपासणी प्रसिद्ध झाली होती. त्यातल्या 89 टक्के टॉवेलांवर कोलिफॉर्म व सुमारे 26 टक्क्यांवर ई. कोलाय सापडले होते.

असे आकडे वर्तमानपत्रात आले की 'तुमच्या ओट्यावर मृत्यू' अशा थाटाचे मथळे येतात. ते बाजूला ठेवावेत. जीवाणू सापडणे आणि माणूस आजारी पडणे यांत बरेच अंतर आहे. कोलिफॉर्म गटातले अनेक जीवाणू मातीत आणि भाजीपाल्यावरही असतात, आणि ई. कोलायचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी आहेत. पण ई. कोलाय फडक्यावर मिळाला याचा अर्थ आतड्यातून तिथपर्यंत वाट उघडी आहे. ज्या वाटेने तो आला त्याच वाटेने जुलाब घडवणारे त्याचे भाऊबंदही येऊ शकतात. स्टॅफिलोकॉकसची गोष्ट वेगळी. तो आपल्या नाकात आणि त्वचेवर असतो. फडक्यावरून तो अन्नात गेला आणि ते अन्न उबेत तासन् तास राहिले, तर तो तयार करतो ते विष पुन्हा उकळूनही जात नाही. शाळेत दोनशे मुलांचे जेवण एकाच पातेल्यात होते तेव्हा ही बाब किरकोळ राहत नाही.

जीवाणू दिसत नाहीत, मग मुलांना हा प्रवास दाखवायचा कसा? ब्रेडच्या तुकड्याला हात लावून बुरशी वाढवण्याचा प्रयोग बऱ्याच शाळांत करतात. पण ती बुरशी हवेतून आली की हातावरून, हे सांगता येत नाही, आणि वाढलेली बुरशी उघडून हुंगणारा एक तरी विद्यार्थी वर्गात निघतोच. आम्हाला हळदीचा प्रयोग अधिक आवडतो.

टेबलाच्या एका कोपऱ्यावर पाव चमचा हळद पसरा. ओल्या पांढऱ्या फडक्याने टेबल पुसा, हळद दिसेनाशी होईपर्यंत. फडके पाण्यात एकदा खळबळून पिळा. पाच-सहा टीपकागद मांडून त्यांवर हे फडके एकामागून एक फिरवा. आणखी दोन मुलांना त्याच फडक्याला हात पुसायला सांगून त्यांच्या तळव्यांचे ठसे वेगळ्या कागदांवर घ्या. बहुतेक कागद पांढरेच दिसतील, फार तर किंचित पिवळसर. आता मुलांना विचारा, कोणते कागद स्वच्छ आहेत? त्यांची उत्तरे फळ्यावर लिहा. मग धुण्याच्या सोड्याचे पाणी कापसाच्या बोळ्याने (शिक्षकांनी स्वतः) कागदांवर फिरवा. अल्कलीत हळद तांबडी होते, हे कुंकवामुळे आपल्याला ठाऊक आहेच. कागदांवर तांबूस पट्टे उमटू लागतात, आणि हातांच्या ठशांवरही. हाच प्रयोग दुसऱ्या गटाने कोरड्या, न वापरलेल्या फडक्याने करावा, म्हणजे तुलना होते. हळद जीवाणू नव्हे, हेही सांगावे. ती वाढत नाही, जिथे जाते तिथे तेवढीच राहते. जीवाणू वाढतात.

जोडीला तराजूचा सोपा प्रयोग घ्यावा. सारख्या वजनाची तीन फडकी सारखी भिजवून पिळायची. एक गोळा करून, एक चार घड्या घालून, एक दोरीवर पसरून ठेवायचे आणि तासातासाने वजन करायचे. पसरलेले फडके पावसाळी हवेतही शाळा सुटेपर्यंत बहुधा वाळते. गोळा दुसऱ्या दिवशीही आतून ओलाच सापडतो. बाष्पीभवन पृष्ठभागावर अवलंबून असते, हे वाक्य मुले त्यानंतर पाठ करत नाहीत.

घरी काय करावे यावर लिहिताना आम्हाला एक धास्ती वाटते. स्वच्छतेचे बहुतेक सल्ले शेवटी घरातल्या एका बाईच्या कामात भर घालतात. तेव्हा आधी काम कमी करणारे उपाय पाहू. भांडी पुसायची गरजच नसते. ती जाळीवर पालथी घातली की आपोआप कोरडी होतात, आणि पुसलेल्या भांड्यांपेक्षा स्वच्छ राहतात. गरम पातेल्याला सांडशी असतेच. एवढ्याने फडक्याची निम्मी कामे गेली. हात पुसायचे एक आणि ओटा पुसायचे एक, अशी दोन ठेवली आणि रात्री साबणाने धुऊन दोरीवर पसरली, की रोजचे काम झाले. कच्चे मांस-मासळी किंवा अंडे सांडले तर जुना कागद वापरून टाकून द्यावा. आठवड्यातून एकदा फडकी उकळत्या पाण्यात पाच-दहा मिनिटे ठेवावीत. काही जीवाणूंचे बीजाणू त्यातूनही वाचतात, पण रोगकारक जीवाणू बहुतांशी मरतात. ऊन मिळेल तेव्हा ऊन द्यावे. मुसळधार पावसाच्या दिवसांत इस्त्री फिरवली तरी चालते. जाहिरातींतली जंतुनाशके या कामाला लागत नाहीत. शिवाय खरकट्याने भरलेल्या कापडावर ओतलेले क्लोरीनचे द्रावण त्या खरकट्यावरच खर्ची पडते.

हळदीचा प्रयोग त्या शाळेत आम्ही पुढच्या भेटीत केला, तेव्हा पोषण आहार शिजवणाऱ्या मावशीही पाहायला आल्या होत्या. तांबडे पट्टे पाहून त्या म्हणाल्या, "मग ताटं पुसायचीच कशाला? उन्हात पालथी घालते की." दुसऱ्या दिवसापासून ताटे उन्हात. नॅपकिनचे मात्र सोपे गेले नाही. रुमाल आणायचे ठरले, तर पहिल्या आठवड्यात निम्मे रुमाल घरी राहिले, आणि आणलेल्या रुमालांत चिंचा बांधल्या गेल्या. पाचवीतल्या एका मुलीने विचारले, "रोज रुमाल कोण धुणार, आई?" त्यावर वर्गात बराच वाद झाला. शेवटी शाळेतून आल्यावर पाय धुताना ज्याचा रुमाल त्यानेच धुवायचा असे ठरले, आणि रुमाल नसेल त्याने हात झटकून हवेत वाळवायचे.

नळाजवळचा खिळा अजून तिथे आहे. त्याला आता जाळीच्या पिशवीत साबण टांगलेला असतो.