अंतराळातल्या चवळीला पाणी कसं घालतात?

कुंडीत तांब्याभर पाणी ओतलं की ते खाली मुरतं, जास्तीचं बुडाच्या भोकातून निघून जातं. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानात यातलं काहीच होत नाही. तिथे वजन जाणवत नाही, म्हणून पाण्याला वर-खाली कळत नाही. ते जिथे चिकटेल तिथेच राहतं. मुळांना चिकटलं की हवा अडते आणि रोप गुदमरतं. शेतात पाणी साचलं की तूर पिवळी पडते ना, तसंच.

इस्रोनं 30 डिसेंबर 2024 ला चवळीचे 8 दाणे एका बंद पेटीतून वर पाठवले. ती पेटी होती पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्यावर, जो एरवी काम झाल्यावर भंगारच. पेटीत माती म्हणून भाजलेल्या चिकणमातीचे बारीक, सच्छिद्र दाणे होते. हळूहळू सुटणारं खत त्यातच घातलेलं. वर पोचल्यावर जमिनीवरून हुकूम गेला, तेव्हा पाणी मातीत सोडलं. दिव्याची वात तेल ओढते, तसं त्या दाण्यांनी पाणी ओढून धरलं. ओढायला वजन लागत नाही, आणि दाण्यांच्या फटींत हवाही उरते. चौथ्या दिवशी कोंब आले, मग पानं.

त्याच रॉकेटवर आपल्या नवी मुंबईशेजारचा पालकही होता! पनवेलजवळ भाताणला अमिटी विद्यापीठ आहे, त्यांचा तो प्रयोग. पालकाची जुडी नव्हे हं, त्याच्या पेशींचा गोळा. असे गोळे प्रयोगशाळेत जेलीवर वाढवतात. पाणी, साखर, क्षार सगळं त्या जेलीतच असतं, म्हणजे ओतायचं कामच नाही. तुलनेसाठी तसाच प्रयोग इथे जमिनीवरही केला.

तुम्ही चार दिवस माहेरी जाताना हीच युक्ती वापरा. सुती कापडाची वात करा, एक टोक कुंडीच्या मातीत खोल खुपसा, दुसरं पाण्याच्या बादलीत बुडवा.

पण वातीनं, मातीनं सगळं भागतं असं नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात 2015 च्या अखेरीस झिनियाची रोपं अतिओलीनं बुरशीली, काही गेली. तेव्हा अंतराळवीर स्कॉट केली यांनी खालच्या शास्त्रज्ञांना सांगितलं, वेळापत्रक राहू द्या, पाणी कधी द्यायचं ते मी रोपाकडे बघून ठरवतो. त्यांनी ते मान्य केलं. जानेवारी 2016 मध्ये केशरी फूल उमललं.