दम, धाप आणि इळैप्पु : श्वसन-पुनर्वसनातील शब्दांचे मोजमाप

तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांच्या (कारकीर्द १७९८–१८३२) धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय वैद्यक यांचे जाणकार एकत्र काम करीत. तेथील अनुभवसिद्ध उपचार ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ्’ या नावाने तमिळ पद्यात बांधले गेले. मराठी राजाश्रयातील वैद्यकाने तमिळ छंद स्वीकारला तो उघडच रुग्ण आणि वैद्य यांच्या सोयीसाठी. तथापि औषधाची मात्रा तोळ्यामाशांत सांगता येते आणि ती भाषेगणिक बदलत नाही. जेथे मात्रा रुग्णाच्या शब्दावरच ठरते, तेथे भाषांतराचा प्रश्न निराळे रूप घेतो.

तीव्र विषाणुजन्य फुप्फुसदाहातून उठलेल्या रुग्णाचे व्यायामाधारित पुनर्वसन हे याचे ठळक उदाहरण होय. २०२०–२१ च्या कोविड साथीनंतर त्याची गरज सर्वत्र भासली. अशा आजारात फुप्फुसांबरोबरच, दीर्घकाळ अंथरुणास खिळल्याने, स्नायूही क्षीण होतात. व्यायाम साधेच असतात : ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडणे, खुर्चीवरून उठणे-बसणे, सपाट जागी चालणे. अवघड असते ते प्रमाण. सहा मिनिटांच्या चाल-चाचणीत अंतर, नाडी व रक्तातील प्राणवायू यंत्राने अथवा फितीने मोजतात. धाप व थकवा मात्र रुग्णालाच, स्वतंत्रपणे, विचारावे लागतात. त्यासाठी स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुनार बोर्ग यांची ० ते १० ही श्रेणी वापरतात. तिच्यातील बहुतेक अंकांपुढे विशेषणे आहेत. ६ व ८ यांपुढे मात्र काहीच लिहिलेले नाही. अंकांना अर्थ येतो तो शब्दांमुळे, आणि व्यायाम साधारणतः ३ ते ४ च्या आसपास राखावा असे सांगितले जाते.

तमिळमध्ये ‘मूच्चु वांगुदल्’ म्हणजे धाप लागणे. शब्दशः ‘श्वास घेणे’ किंवा ‘विकत घेणे’ही. त्याहून गुंतागुंतीचा शब्द ‘इळैप्पु’. त्यात धाप आहे, थकवा आहे, कृश होणेही आहे. विश्रांतीसाठीचे ‘इळैप्पारुदल्’ हे क्रियापदही त्याच कुळातले. फारसीतून आलेला मराठी ‘दम’ असाच ऐसपैस : दम लागतो, दम धरतात, एखाद्यात दम नसतो. घरी मराठी आणि बाहेर तमिळ बोलणाऱ्या तंजावरी कुटुंबातील रुग्ण यांपैकी कोणत्या शब्दाने आपली अवस्था सांगेल, हे आधी ठरवता येत नाही. (मराठीत ‘धाप’ आणि ‘थकवा’ ही जोडी हाताशी असल्याने प्रश्न निदान विभागून विचारता येतो.)

हा केवळ कोशकाराचा पेच नव्हे. धाप वाढली तर वेग कमी करून श्वास सावरता येतो. पण काही रुग्णांत श्रमाचा परिणाम काही तासांनी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तीव्र थकव्याच्या रूपाने उफाळतो; त्यांना व्यायाम टप्प्याटप्प्याने वाढवणे अपायकारक ठरू शकते, म्हणून शक्ती राखून दिनक्रम आखावा लागतो. ‘इळैप्पु’चा कोणता अर्थ रुग्णाच्या मनात आहे, याचा उलगडा त्यामुळे पहिले पाऊल टाकण्यापूर्वीच करून घ्यावा लागतो.