बार्शीचे मेहबूब पटेल ते शाहीर अमर शेख

शाहीर अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. त्यांचा जन्म २० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शीत झाला. बार्शी सोलापूर जिल्ह्यात असली तरी ती धाराशिवच्या वेशीवरच आहे. त्या काळी बार्शी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होती आणि धाराशिव निजामाच्या राज्यात. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी ही हद्द ओलांडून थेट लातूरपर्यंत जात असे. पेठ आणि कापडगिरण्या यांमुळे गावात कष्टकऱ्यांची मोठी वस्ती होती.

मेहबूब यांचे घर गरीब मुस्लिम कुटुंबाचे होते. आई मुनेरबी यांच्याकडून मराठी लोकगीतांचा ठेवा त्यांना मिळाला आणि पुढच्या सगळ्या गाण्याचे मूळ तिथेच आहे. पोटासाठी त्यांनी मोटारीवर क्लीनरचे काम केले, मग गिरणीत मजुरी धरली. गिरणी कामगारांच्या लढ्यात ते पुढे आले आणि त्यापायी विसापूरच्या तुरुंगात गेले. साम्यवादी विचारांशी त्यांचा परिचय झाला तो याच तुरुंगात. सुटकेनंतर ते कोल्हापूरला मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत काही काळ कामाला होते. ‘अमर शेख’ हे नाव रूढ झाले ते या काळात.

अशाच कष्टाच्या कामातून पुढे आलेला, अमेरिकेतल्या टुपेलो या लहान गावचा गायक एल्विस प्रेस्ली ट्रक चालवता चालवता १९५४ साली मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्समधून लोकांपुढे आला. अमर शेखांना मात्र व्यासपीठ दिले ते कामगार संघटनेने आणि साम्यवादी पक्षाने. रेकॉर्ड कंपनीपेक्षा समोर बसलेले कामगार हेच त्यांचे पहिले परीक्षक होते.

१९४४ च्या सुमारास अण्णा भाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. पोवाड्यात मुख्य शाहीर कडवे म्हणतो आणि मागचे झीलकरी ‘जी जी’ करत सूर उचलून धरतात. साथीला डफ, तुणतुणे आणि झांज. उघड्या मैदानात हजारोंपर्यंत पोहोचायचे तर आवाज तसाच भक्कम हवा. अमर शेखांचा पहाडी आवाज या गायकीसाठीच घडलेला होता. शब्दफेकही इतकी स्पष्ट, की शेवटच्या रांगेतल्या अक्षरओळख नसलेल्या माणसालाही अर्थ कळावा. अण्णा भाऊंची लेखणी आणि हा गळा एकत्र येणे हे मराठी शाहिरीचे मोठे भाग्य.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड त्यांनी गावोगाव नेली. तोवर गायक म्हणून ते पूर्ण तयार झालेले होते. चळवळीने त्यांना अख्ख्या महाराष्ट्राचे केले. स्वतःच्या कवितांचे ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे संग्रहही त्यांनी प्रसिद्ध केले. २९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ अपघातात त्यांचा मृत्यू झाला.