गोळी रात्री, ग्रेपफ्रूट सकाळी: चालेल का?

आजचा भाग एका ताईंच्या प्रश्नावर आहे. त्यांचे बाबा सध्या टोरांटोला मुलाकडे गेलेत. तिथे रोज सकाळी नाश्त्याला ग्रेपफ्रूटचा रस असतो. बाबा कोलेस्टेरॉलची गोळी घेतात, पण रात्री. ताई विचारतात, "मध्ये बारा तास जातात, मग काय हरकत आहे?"

हरकत असू शकते. का, ते बघू.

आधी फळाची ओळख. ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे बरं का! पपनस आणि गोड संत्रं यांच्या संकरातून आलेलं हे फळ आहे.

त्याचा हा गुण सापडला तो अपघातानेच, आणि तोही कॅनडातच. डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधावर दारूचा काय परिणाम होतो ते तपासत होते. दारूची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला, तर रक्तात औषध अपेक्षेपेक्षा खूपच जास्त! मग बेलींनी स्वतःवर प्रयोग केला. पाण्याऐवजी रसाबरोबर गोळी घेतल्यावर रक्तातलं प्रमाण सुमारे पाच पट झालं. ही गोष्ट १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली.

आता हे घडतं कसं? आपल्या आतड्याच्या अस्तरात सीवायपी३ए४ नावाचं एक एन्झाइम असतं. त्याला टोलनाका समजा. गोळी रक्तात जाण्याआधीच तिचा बराच भाग हा नाका कापून घेतो. डोस ठरवताना ही वजावट धरलेली असते. ग्रेपफ्रूटमधली फ्युरानोकौमारिन नावाची रसायनं हा नाकाच बंद पाडतात. मग गोळी तीच, पण रक्तात पोचणारं औषध कितीतरी जास्त.

आणि ताईंच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. बंद पडलेलं एन्झाइम पुन्हा सुरू होत नाही. शरीराला ते नव्याने तयार करावं लागतं. त्याला एक ते तीन दिवस लागतात. म्हणजे सकाळचा एक ग्लास रात्रीच्या गोळीलाही नडतो. वेळेचं अंतर ठेवून फारसं काही साधत नाही.

सगळ्याच गोळ्यांचं असं होत नाही. सिमव्हास्टॅटिनला जास्त धोका, रोसुव्हास्टॅटिनला जवळपास नाही. निफेडिपिनवर परिणाम होतो, अ‍ॅम्लोडिपिनवर फारसा नाही. किडनी बदललेल्यांच्या सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस या औषधांबाबत तर फारच जपावं लागतं. अ‍ॅलर्जीच्या फेक्सोफेनाडिनचं उलटंच. ते रसामुळे कमी शोषलं जातं.

"आम्ही कुठे ग्रेपफ्रूट खातो?" असं म्हणाल, तर गणपतीच्या दिवसांत घरी येणारं पपनस आठवा. त्यातही हीच रसायनं असतात. नेहमीच्या मोसंबी-संत्र्याची मात्र सहसा काळजी नको.

तर ताई, बाबांना गोळीच्या पाकिटावरचं औषधाचं मूळ नाव वाचायला सांगा. ते डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टना विचारा. तोवर रस बंद. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही. आणि स्नायू खूप दुखले, अशक्तपणा आला किंवा लघवी गडद झाली, तर थांबू नका, लगेच डॉक्टरांना गाठा.

भेटू पुढच्या भागात!